पेटवण घरून न्या: आख्खी माचिस संपते तरी विस्तव का धरत नाही?

डिसेंबर लागला की नागपुरात पाऱ्याची बातमी पहिल्या पानावर येते. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. दरवर्षी एवढं गारठत नाही, पण पारा दहाच्या खाली उतरला की चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या फाटकापर्यंत शेकोट्या दिसू लागतात. याच दिवसांत चंपाषष्ठी येते, शेतावर रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे बेत ठरतात. गोवऱ्या रचून तयार असतात, कणीक मळून झालेली असते, मंडळी भुकेली असतात, आणि काडीमागून काडी ओढूनही धुरापलीकडे काही घडत नाही. मग कुणाची तरी नजर मोटारसायकलच्या टाकीकडे जाते.

दोष माचिसचा नसतो, गोवऱ्यांचाही सहसा नसतो. काडी आणि गोवरी यांच्या मधला दुवा, म्हणजे पेटवण, गायब असतो. तो दुवा कशाचा करायचा, कुठून गोळा करायचा आणि कोरडा कसा न्यायचा, ते इथे सविस्तर पाहू.

लाकूड स्वतः जळत नाही

आपल्याला दिसते ती ज्वाळा लाकडातून निघणाऱ्या वायूची असते. लाकूड तापलं की आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि ते काम चालू असेपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळतं. पाणी गेलं की तापमान चढतं. दोनशे अंशांच्या पुढे लाकडाचं विघटन होऊ लागतं आणि धूर निघतो. हा धूर म्हणजे बऱ्याच अंशी न पेटलेलं इंधनच. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे वायू इतका सुटतो की जवळची ज्वाळा त्याला पकडते. त्याची उष्णता शेजारचं लाकूड तापवते, तिथून वायू निघतो, आणि साखळी सुरू होते.

माचिसची काडी मोठ्या मुश्किलीने दहा-पंधरा सेकंद जळते. तेवढ्या वेळात काहीतरी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत पोचलं पाहिजे. मनगटाएवढ्या लाकडाला काडी लावली तर उष्णता आतल्या थंड लाकडात मुरून जाते. वरचा पापुद्रा काळा पडतो, बस्स. एकाच निखाऱ्यावर पापड काही सेकंदांत भाजतो आणि रोडग्याला अर्धा-पाऊण तास लागतो, तसंच हे आहे. जाडी कमी तर उष्णतेला मुरायला जागाच नाही.

आकड्यात सांगायचं तर पाच सेंटिमीटर बाजूचा लाकडाचा एक ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग १५० चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एकेक मिलिमीटरचे कण केले तर पृष्ठभाग ७,५०० चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे पन्नास पट. लाकूड तेवढंच, पण हवेला आणि ज्वाळेला भिडणारी जागा पन्नास पट.

म्हणून विस्तव तीन पायऱ्यांनी मोठा होतो. पहिली पायरी पेटवण: काडीच्या किंवा ठिणगीच्या तेवढ्याशा उष्णतेने जे पेट घेतं, असं केसासारखं, कापसासारखं, कागदासारखं बारीक आणि कोरडं काहीही. दुसरी काटक्या: माचिसच्या काडीपासून अंगठ्यापर्यंत जाडीच्या. तिसरी सरपण: जाड लाकूड किंवा गोवऱ्या. पेटवणाचं काम एकच, काटक्या पेट घेईपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार मिनिटं, जळत राहणं. फसगत नेमकी इथे होते. पेटवण पेटतं भर्रकन, पण तीस सेकंदांत संपतं.

“वाळलेलंच तर होतं!”

वाळलेलं लाकूड कायमचं वाळलेलं राहत नाही. लाकूड, गवत, कापूस, कागद हे सगळे हवेतला दमटपणा घेत आणि सोडत असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्के असेल तर लाकडात सहा टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. आर्द्रता ऐंशीवर गेली की तेच सोळा टक्क्यांवर जातं, नव्वदीवर वीसच्या घरात. पेटवण जितकं बारीक तितका हा बदल झटपट होतो. जाड ओंडक्याला आठवडे लागतात, गवताच्या काडीला तासभर पुरतो.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की जे उचलाल ते पेटतं, आणि तोच खरा धोक्याचा काळ आहे. पावसाळ्यात उलटं. हिवाळा मात्र फसवतो. दुपारी गवत कुरकुरीत असतं, आणि पहाटे त्याच गवतावर दव. शेकोटी तर पहाटे किंवा रात्रीच लागते! म्हणून हिवाळ्यात पेटवण गोळा करायची वेळ दुपारी १२ ते ४. सूर्य कलला की जमिनीलगतचं सगळं पुन्हा दमट व्हायला लागतं.

काटकी तपासायची रीत सोपी आहे. दोन बोटांत धरून वाकवा. कटकन मोडली तर घ्या. वाकली, किंवा मोडल्यावर साल चिकटून लोंबली, तर आत ओल आहे. गोवरी मोडून बघा: आतून भुरी, गवताच्या काड्या सुट्या दिसतात, वास जवळजवळ नाही, तर ती तयार आहे. आतून गडद हिरवट आणि शेणाचा वास असेल तर ती अजून आठवडाभर उन्हात हवी.

जमिनीवर पडलेली काटकी शक्यतो टाळा. ती खालून ओल घेत राहते. झाडावरच वाळलेली, किंवा पडताना झुडपात अडकलेली काटकी हवेवर सुकते. कंबरेच्या उंचीची मिळाली तर उत्तम.

नागपूर परिसरात हाताशी काय आहे

तुराटी आणि पऱ्हाटीपासून सुरुवात करू, कारण विदर्भात याहून चांगल्या काटक्या नाहीत. तुरीची कापणी डिसेंबर-जानेवारीत होते, आणि मळणीनंतर उरलेल्या तुराट्या हलक्या, सरळ, आतून भुसभुशीत असतात. बारीक शेंडे माचिसच्या काडीएवढे, बुंधा अंगठ्याएवढा: दुसऱ्या पायरीच्या सगळ्या जाड्या एकाच झाडात. शेतकऱ्याला विचारून एक पेंडी घेतली तर तीन-चार शेकोट्या निघतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, तुराटीपेक्षा जड आणि टिकाऊ जळते. तिची साल सोलली तर तागासारखे लांब धागे सुटतात. ते हातावर चोळून मऊ केले की चांगलं पेटवण होतं. पण पऱ्हाटीचा ढीग घरी किंवा शेताच्या कडेला पुढच्या हंगामापर्यंत साठवू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. लागेल तेवढी आणा, वाळलेली बोंडं तिथेच तोडा, आणि ती पेंडी त्याच हिवाळ्यात संपवा.

गवत सगळीकडे आहे. कुसळी, पवन्या असली उंच गवतं दुपारी तोडली की लगेच पेटतात, पण सुटं गवत दहा सेकंदांत राख होतं. त्याला दाबून टिकाऊ करावं लागतं. दोन मुठी गवत घ्या, दोरासारखं पिळा, मधोमध दुमडा आणि गाठ मारा. अशी गुंडी सुट्या गवताच्या कितीतरी पट जास्त वेळ जळते. फार घट्ट पिळली तर हवा शिरत नाही आणि ती नुसती धुमसते. दाबल्यावर बोट आत जाईल इतपत सैल हवी. कुसळीची कुसळं कपड्यांत आणि कातडीत घुसतात, तेव्हा शेंडे आधी छाटून टाका.

सागाची पानं दिसायला मोठी, म्हणून लोक हारेच्या हारे भरून टाकतात. पान सपाट असतं, एकावर एक बसतं, थरांमधून हवा जात नाही आणि शेकोटी घुसमटते. सागाचं किंवा पळसाचं पान वापरायचं तर मधली जाड शीर काढा आणि उरलेलं हातात चुरगाळा. चार-पाच पानांचा चुरगळा पुरतो.

बांबू हे पावसाळ्यातलं हुकमी उत्तर. वाळलेला बांबू उभा चिरा, आतली बाजू कोरडी असते. चाकूचं पातं काटकोनात धरून बाहेरची गुळगुळीत बाजू खरवडत राहा. पाच मिनिटांत मूठभर पिवळा, कापसासारखा भुगा जमतो. तो काडीने लगेच धरतो. दोन पेरांमधला बंद तुकडा मात्र कधीही विस्तवात टाकू नका. आतली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो आणि निखारे उडवतो. आधी चिरायचा, मगच टाकायचा. कोंबावरची वाळकी आवरणं पेटतात चांगली, पण त्यांवरच्या बारीक लवेने अंग खाजतं, म्हणून उघड्या हाताने चोळू नका.

काटेसावरीचा कापूस एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून झाडाखाली सांडतो. रुईच्या शेंगांतली रेशमी म्हातारीही तशीच. दोन्ही ठिणगीसुद्धा पकडतात, पण एकट्या वापरल्या तर भपकन संपतात. बांबूच्या भुग्यात किंवा गवताच्या गुंडीच्या पोटात चिमूटभर घाला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, तेव्हा ओली शेंग तोडू नका. पूर्ण वाळून उकललेलीच घ्या.

घरातलं सर्वात दुर्लक्षित पेटवण म्हणजे नारळाची शेंडी. पूजेचा नारळ सोलला की ती टोपलीत जाते. उन्हात दोन दिवस वाळवून धागे पिंजले तर ती पेटते, आणि ज्वाळा विझली तरी बराच वेळ धुमसत राहते. त्यावर फुंकून पुन्हा ज्वाळा करता येते.

आणि संत्र्याची साल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या सालीचा हा उपयोग फारसा कुणी करत नाही. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत लिमोनीन नावाचं ज्वलनशील तेल असतं. ताजी साल ज्वाळेजवळ पिळली की ठिणग्या उडतात त्या याच तेलामुळे. वाळताना बरंचसं तेल उडून जातं, तरी जे उरतं ते सालीला स्वच्छ आणि सावकाश जळायला पुरतं. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. त्यांच्या साली पसरून पाच-सहा दिवस उन्हात ठेवा, कटकन मोडेपर्यंत. साल हे पहिल्या पायरीचं पेटवण नाही. एका काडीने ती सहसा धरत नाही. पण पेटत्या कापसावर पाच-सहा तुकडे ठेवले तर काटक्यांना हवी ती जास्तीची दोन-तीन मिनिटं मिळतात.

आरामशीनवरचा भुसा आणि सुताराच्या रंध्याचे कुरळे छिलके यांत फरक करा. छिलक्यांच्या वळणांत हवा असते, म्हणून ते थेट पेटवण. भुसा एकटा फक्त धुमसतो. त्याला मेण लागतं, ते पुढे येईल. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, सनमायका चिकटवलेले तुकडे घेऊ नका. त्यांतले गोंद आणि रंग जळून निघणारा धूर श्वासात जातो, आणि रोडग्यांतही.

काही वनस्पतींना हातच लावू नये. कण्हेर पूर्ण विषारी आहे. थोर-शेराचा चीक आणि धूर डोळ्यांना झोंबतो. नाल्याकाठचं बेशरम सुकलं की तुराटीसारखं दिसतं, पण स्वयंपाकाच्या विस्तवात ते नको. गाजरगवताची अ‍ॅलर्जी वाळलेल्या झाडानेही होते. आणि हिवाळ्यात झुडपांवर लोंबणाऱ्या, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा दिसल्या तर लांबूनच वळा: ती खाजकुइली. पाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने उलटून बघा. विंचवाला आणि सापालाही तीच ऊबदार जागा आवडते.

“एवढा खटाटोप कशाला? थोडं पेट्रोल टाकलं की झालं”

पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे नागपूरच्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल ओतल्याक्षणी त्याची वाफ जमिनीलगत पसरायला लागते, कारण ती हवेपेक्षा जड असते. काडी ओढणारा माणूस त्या वाफेतच उभा असतो. ज्वाळा गोवऱ्यांवर नव्हे, पायाशी भडकते. त्याहून वाईट म्हणजे विझल्यासारख्या वाटणाऱ्या विस्तवावर बाटलीतून धार सोडणं. ज्वाळा धारेवरून चढत हातातल्या बाटलीपर्यंत येते. सॅनिटायझरचंही तेच, शिवाय त्याची निळसर ज्वाळा उन्हात दिसत नाही.

रॉकेल त्यामानाने संथ आहे, पण त्याचा वास गोवरीत मुरतो आणि रोडग्यात उतरतो. आणि या सगळ्या तेलांचा मूळ दोष असा की तेल आधी स्वतः जळतं. ओल्या गोवरीवर ओतलेलं तेल संपलं की गोवरी तिथेच, ओली.

कापूर चांगला आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही. एक वडी साधारण एक-दीड मिनिट जळते. काजळी भरपूर सोडतो, म्हणून भाजायच्या वस्तूजवळ नको. तळाशी दोन वड्या ठीक. पण उघडा ठेवला तर तो हवेत उडून जातो, तेव्हा घट्ट झाकणाची डबी हवीच.

प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, टायरचा तुकडा: पेटतात, आणि विषारी धूर सोडतात. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ५,००० रुपयांपासून पुढे दंड ठरवून दिला. शेकोटीभोवती बहुतेक वेळा म्हातारी माणसं आणि लहान मुलं बसतात. त्यांच्या फुप्फुसांत हा धूर सोडू नये, हे दंडाविनाही कळण्यासारखं आहे.

घरी करून ठेवायची दोन पेटवणं

पहिलं व्हॅसलीन-कापूस. लिंबाएवढा कापसाचा बोळा घ्या. अर्धा ते पाऊण चहाचा चमचा व्हॅसलीन बाहेरून चोळा, आतला गाभा कोरडा राहू द्या. वापरताना बोळा फाडून पिंजा, म्हणजे कोरडे धागे वर येतील. काडी त्यांना लावा. कापूस वातीचं काम करतो आणि व्हॅसलीन तेलाचं, त्यामुळे बोळा चार-पाच मिनिटं जळतो. हे फसतं दोन कारणांनी. कापूस पार निथळेपर्यंत भिजवला तर धागा मोकळा उरत नाही आणि काडी विझते. दुसरं, मेकअपचे काही पॅड कृत्रिम धाग्यांचे असतात. एक धागा जाळून बघा: मऊ राख पडली तर कापूस, कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. तुपातल्या फुलवाती याच तत्त्वावर उत्तम चालतात, पण त्यांना मुंग्या लागतात, म्हणून त्याच दिवशी वापरायच्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत व्हॅसलीन पातळ होऊन झिरपतं. तेव्हा दुसरं पेटवण बरं.

दुसरं मेण-भुसा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, प्लास्टिकचा चालणार नाही. प्रत्येक खळगा कोरड्या भुशाने पाऊण भरा, भुसा दाबू नका. साध्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात घाला आणि तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा. थेट गॅसवर कधीही नाही: मेण फार तापलं तर त्याची वाफ पेटते, आणि त्यावर पाणी टाकलं तर भडका उडतो. वितळलेलं मेण प्रत्येक खळग्यात भुसा ओला दिसेपर्यंतच ओता. वर तळं साचलं तर मेण जास्त झालं. ते पेटण्याआधी वितळून खाली सांडत राहतं. गार झाल्यावर खळगे सुटे कापा. पुठ्ठ्याची फाटकी कड हीच वात. एक खळगा आठ-दहा मिनिटं जळतो, पाण्याचे शिंतोडे सोसतो आणि वर्षभर टिकतो. सहा खळग्यांत हिवाळ्यातल्या तीन-चार सहली निघतात.

डबा, पिशवी आणि खिसा

पेटवण नेताना बहुतेकांची एकच चूक होते: अर्धवट सुकलेलं सामान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं. उन्हात पिशवी तापते, आतली ओल बाहेर येऊन प्लास्टिकला आतून घाम फुटतो, आणि संध्याकाळी उघडल्यावर सगळं दमट. नियम असा ठेवा. पूर्ण कोरडं असेल ते हवाबंद डब्यात. जे अजून सुकायचं आहे ते कापडी पिशवीत, वाटेत हवा आणि ऊन लागेल असं.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, मूठभर सामान मावेल एवढा पुरे. त्यात व्हॅसलीनचे चार बोळे किंवा मेणाचे दोन खळगे, पिंजलेली नारळाची शेंडी आणि थोडी संत्र्याची साल. औषधाच्या बाटलीत येणारी ओल शोषणारी पुडी टाकून ठेवली तर पावसाळ्यातही आतला भाग कोरडा राहतो. भरायची वेळ भर दुपारची, डबा स्वतः उन्हात तापवून. पहाटे भरलात तर दमट हवाच आत कोंडाल.

माचिस याच डब्यात ठेवू नका, वेगळी डबी करा. काडी ज्या तपकिरी पट्टीवर ओढतो त्या पट्टीवर फॉस्फरस असतो, आणि ती एकदा ओली झाली की काड्या कितीही कोरड्या असल्या तरी उपयोग नाही. म्हणून पट्टीचा एक तुकडा कापून झिपच्या छोट्या पिशवीत काड्यांसोबत ठेवा. लायटर असला तरी दहा काड्या जवळ हव्यात, आणि काड्या असल्या तरी लायटर. शर्टाचा खिसा पेटवणाला चांगला वाटतो, पण चढावर घाम येतो. बॅगेचा वरचा कप्पा बरा. विमानात माचिस आणि लायटर नेता येत नाहीत, रेल्वेत रॉकेल-पेट्रोल नाही. दूरचा प्रवास असेल तर डब्यात फक्त कापूस, शेंडी, साल.

पूर्वी गावात जळता विस्तवच नेत असत. शेजारच्या चुलीतला निखारा गोवरीच्या तुकड्यावर ठेवून आणायचा. गोवरी ज्वाळेविना तासन् तास धुमसते, म्हणून हे शक्य होतं. अंगणापुरतं ते ठीक. आज निखारा घेऊन दुचाकीवर बसणं म्हणजे वाटभर ठिणग्या पेरणं आहे.

चकमकीने पेटवायची हौस असेल तर साधा कापूस पुरत नाही. ठिणगी क्षणभरच जगते, तिला अर्धं जळालेलं कापड लागतं. जुन्या सुती कापडाचे चौकोन छोट्या पत्र्याच्या डबीत घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवा, आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम असताना हवा लागली तर आतलं सगळं राख होतं.

“शेजारीच जंगल आहे, तिथे पाचोळ्याचे ढीग पडलेत”

पेटवण घरून न्यावं असं आग्रहाने सांगण्याचं मोठं कारण हेच. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये जंगलातली पानं, गवत, लाकूड ही सगळी वनोपज आहेत. कलम २६ प्रमाणे राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणं आणि तिथे आग लावणं, दोन्ही गुन्हे आहेत. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं किंवा जळता सोडणं याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० मनाई करतं. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर ही सगळी नागपूरहून सहलीच्या टप्प्यात आहेत. तिथल्या गावांचे वनहक्क वेगळे, सहलीला आलेल्यांना ते लागू होत नाहीत.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम मानतात. साग-मोहाची पानं गळून जमिनीवर जाड थर झालेला असतो, आणि मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळताना लागलेले वणवे विदर्भाला नवे नाहीत. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपून वनखात्याला सूचना पाठवते. पण सूचना मिळून माणसं पोचेपर्यंत वाऱ्यावर आग बरीच पुढे गेलेली असते. या चार महिन्यांत जंगलालगत उघडा विस्तव पेटवूच नका, शेतात असलात तरी.

रचायचं कसं

शेकोटीसाठी सुकं गवत किमान दीड-दोन मीटरपर्यंत साफ करा, माती उघडी होऊ द्या. जमीन दमट असेल तर खाली तुराट्यांची एक ओळ अंथरा, म्हणजे पेटवण थेट ओलीवर बसणार नाही. काडी ओढण्यापूर्वी सगळं हाताशी हवं: दोन ओंजळी पेटवण, माचिसच्या काडीएवढ्या जाडीच्या काटक्यांची मूठभर जुडी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तशा दोन जुड्या, अंगठ्याएवढ्या जाडीचा एक कवळाभर भारा. जेवढं पुरेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. पेटवण जळत असताना काटक्या शोधायला गेलात की परत येईपर्यंत विझलेलं असतं.

पेटवण मध्ये ठेवा, त्यावर बारीक काटक्या तिरप्या टेकवा. बोट जाईल एवढ्या फटी ठेवा. काडी वाऱ्याच्या बाजूने, तळाशी लावा. ज्वाळा वर आणि आत जाते. फुंकायची घाई नको. ज्वाळा लहान असताना फुंकलं तर ती विझते. काटक्यांची टोकं लाल झाली की मग फुंकणीने, मुळाशी, लांब आणि सावकाश.

रोडग्यांसाठी गोवऱ्या उभ्या, आतल्या बाजूला कलत्या, गोल रचा आणि मध्ये दोन विती पोकळी सोडा. सगळ्यात आतल्या गोवऱ्या अर्ध्या मोडून, मोडलेली कड पोकळीकडे ठेवा. गोवरीचा वरचा पापुद्रा थापून गुळगुळीत झालेला असतो आणि उष्णता अडवतो. मोडलेल्या कडेला भुशाच्या, गवताच्या काड्या बाहेर आलेल्या असतात आणि त्या आधी धरतात. पोकळीत मेणाचे दोन खळगे, त्यावर तुराटीचे बारीक शेंडे, वाऱ्याकडे हात जाईल एवढं तोंड. गोवऱ्यांनी एकदा धरलं की छेडू नका. ज्वाळा बसून गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. रोडगे त्यानंतर. धूर असताना टाकले तर बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात आणि धुराने कडवट होतात.

विझवताना

गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहू शकतो. वरून एक तांब्या ओतला की चर्र आवाज येतो, वाफ निघते, आणि खालचा थर तसाच. पाणी ओता, काठीने तळापर्यंत ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ धरून ऊब तपासा. ऊब लागली तर पुन्हा पाणी. दहा लिटरची बादली पेटवण्याच्या आधीच भरून शेजारी ठेवायची. नुसती माती टाकून झाकू नका: आतला निखारा धुमसत राहतो, आणि सकाळी कुणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो. राख पूर्ण गार झाल्यावरच पोत्यात भरा. घरी परतलात की पेटवणाचा डबा रिकामा करून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उघडा ठेवा, आणि दुपारीच पुन्हा भरून टाका.